अणूच्या पोटातला तिसरा

अणूच्या पोटात काय चाललं आहे, ही बातमी नाशकात सगळ्यांत आधी कुणाला कळत असेल, तर ती गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीतल्या सलूनवाल्याला. थाप वाटेल, पण मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. सरांच्या अर्ध्या गालावर फेस होता. वस्तरा कानाखाली आला होता. आणि एकदम सर उठून उभे राहिले, गळ्याभोवतीचं कापड शालीसारखं सावरलं आणि समस्त सलूनला उद्देशून म्हणाले, "साडेआठला किंचित कमी!"

सलूनवाल्याने वस्तरा हवेत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सर, सव्वादहा होऊन गेले."

"वेळ नाही हो, आकडा! माझा आकडा आला! ऐकलंत ना सगळ्यांनी? हिशेबनीस, तुम्ही साक्षीदार. साडेआठला किंचित कमी. आता मी घरी जातो आणि पुस्तकात बघतो, खरा किती आहे तो."

आणि गेले की. अर्धी दाढी घेऊन, गळ्यातल्या कापडासकट.

हिशेबनीस म्हणजे मी. कॉलेजात मी अकाउंटन्सी शिकवायचो, सर फिजिक्स शिकवायचे, आणि स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना खेटून होती. घरंही समोरासमोरच्या इमारतींत. माणसाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची त्यांना खोड होती. ग्रंथपाल म्हणजे कपाटवाले. प्राचार्य म्हणजे शिक्केवाले, आणि हे प्राचार्यांच्या तोंडावर. प्राचार्यांनी एकदा नाराजीने विचारलं, "मग तुम्ही स्वतः कोण?" सर म्हणाले, "मी अंदाजवाला."

खरंच अंदाजवाले होते. वर्गात ते भिंगं आणि आरसे शिकवायचे, कारण पगार त्याचा होता. जीव मात्र दुसरीकडे अडकला होता. अणूच्या अगदी आत, गाभ्यात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन नावाची मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारं एक जबरदस्त बल असतं. ते नेमकं कसं आहे, हे कागदावर मांडायचं, हा सरांचा तरुणपणापासूनचा उद्योग. मुंबईत मोठ्या संस्थेत त्यावर पीएच.डी. केली आणि मग आईवडील सटाण्याला, त्यांच्याजवळ असावं म्हणून नाशकात येऊन भिंगं शिकवू लागले. बल बरोबर घेऊन आले.

"पण दिसत नाही ते बल तुम्ही लिहिता कसं?" मी विचारलं होतं.

"अंदाजाने! आधी बल असं असेल असं धरायचं. मग त्या बलाने कागदावर अणू बांधायचा. तो किती घट्ट, याचा आकडा येतो. खऱ्या अणूइतकाच घट्ट निघाला तर ठीक. सैल निघाला तर बल चुकलं."

"मग चुकलं की दुरुस्त करायचं."

सर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या खिशातून पाकीट काढताना सापडलो होतो. "इथेच तर पाप आहे, हिशेबनीस. या बलात खुंट्या असतात. तंबोऱ्याला असतात तशा. उत्तर आधी माहीत असलं की पिळा खुंटी, आणा सुरात. मग म्हणा, बघा आमचं बल कसं बरोबर आलं! निकाल लागल्यावर सगळेच ज्योतिषी."

मी म्हणालो, "आमच्याकडे याला उचंत खातं म्हणतात. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती तिथे टाकायची, म्हणजे ताळेबंद जुळतो."

सर उठले आणि त्यांनी चक्क मला मिठी मारली. "उचंत खातं! अहो, आमच्या शास्त्रात अर्धी पुस्तकं उचंत खात्यावर चालली आहेत!" पुढे कितीतरी महिने ते हा शब्द मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नावापुढे लावत हिंडत होते.

आपल्या हातून हे पाप होऊ नये म्हणून सरांनी एक प्रथा पाडली होती. आकडा आला की खरं उत्तर बघायच्या आधी तो चार लोकांना मोठ्याने सांगून टाकायचा. एकदा लोकांत गेला की मागे घेता येत नाही. मग ते चार लोक कोण, याला महत्त्व नाही. दूधवाला चालायचा. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलेलं असताना हे उभे राहून "अठ्ठावीसच्या थोडं वर!" असं म्हणाले होते, आणि सेक्रेटरींनी तो टाकी साफ करणाऱ्याचा दर समजून सरळ नामंजूर केला होता.

त्यांचं काम चालायचं बाल्कनीत. तिथे त्यांनी शाळेत असतो तसला काळा फळा ठोकून घेतला होता. कागद वापरत नसत. "कागदावर चूक लपते. फळ्यावर ती उभी राहते." सकाळी लिहायचं, संध्याकाळी पुसायचं, दुसऱ्या दिवशी डोक्यात राहिलं तेवढ्यावरून पुढे जायचं. खडूच्या भुकटीने माणूस असा माखायचा की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच अडवून म्हणत, "गिरणीतून आलात की फळ्यापासून? आधी झटका." गणित अडलं की सर थेट आपल्या सटाण्याच्या, बागलाणच्या बोलीत पोचायचे. घरात, कॉलेजात एकदम शुद्ध पुस्तकी मराठी, पण एखादं पद जुळेना झालं की बाल्कनीतून गल्लीभर अहिराणी गर्जना व्हायची, "आरे, काय शे हाई!"

ती गर्जना सगळ्यांत जवळून झेलायच्या इस्त्रीवाल्या मावशी. त्यांची इस्त्रीची गाडी बरोबर बाल्कनीखाली उभी असायची. मावशी पेठकडच्या. कोळशाची जडशीळ इस्त्री अशी फिरवायच्या जशी पोळीवरून तुपाची बोटं, आणि तोंड त्याहून वेगाने चालायचं. फळ्यावर आकडा आला की पहिला मान त्यांचा, कारण सर कठड्यावरून नुसतं खाली वाकले की झालं.

"मावशी, ऐका. आलं!"

"सांगा, सर. पन हळू सांगा, साडीवर खडू पडतोय."

"दोन पूर्णांक दोन!"

"बरं. लक्षात ठेवते. खरा किती हाय ते बगून या, तवर तुमच्या शर्टाची कॉलर करते."

आणि त्या खरंच लक्षात ठेवायच्या. आठवड्याने सरांनी विषय काढला नाही की खालून प्रश्न यायचा, "काय वं सर, त्या दोन पूर्नांक दोनचं काय झालं? गप गप हाय, म्हंजे चुकलं वाटतं!" यातला गमतीचा भाग असा की सरांना मावशींची जेवढी भीती वाटायची तेवढी कुठल्याही जर्नलच्या परीक्षकाची वाटली नाही.

आता त्या बलाबद्दल. मला ते कळलं आहे असा माझा दावा नाही, पण मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. एका दुपारी स्टाफरूममध्ये मी सहज म्हणून गेलो, "सर, हे बल वागतं तरी कसं?" सर उठले. संस्कृतच्या बाई एका कोपऱ्यात पेपर तपासत होत्या, राज्यशास्त्राचे सर दुसऱ्या कोपऱ्यात पेंगत होते. सरांनी राज्यशास्त्राची खुर्ची, राज्यशास्त्रासकट, फरफटत आणायला सुरुवात केली.

"हे बघा, लांब आहेत तोवर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. बल शून्य!" खुर्ची बाईंच्या टेबलाशी आली. राज्यशास्त्राने दचकून जागं होत विचारलं, "वेतनवाढीचं काही कळलं का?" बाई म्हणाल्या, "कळलं कसलं! फाईलच सापडत नाही म्हणे." आणि दोघंही रंगून बोलू लागले. सर हर्षभरित. "आता ओढ आहे! सोडवत नाहीत एकमेकांना!" आणि त्यांनी खुर्चीला आणखी एक जोराचा धक्का दिला. राज्यशास्त्राचं कोपर बाईंच्या चहाच्या कपावर. तपासलेल्या पेपरांवर चहाचा पूर. बाई ताडकन उठून चार पावलं मागे. "ढकललं! पाहिलंत? फारच जवळ आलं की हेच बल ढकलतं! नाहीतर सगळं विश्व चिंचोक्याएवढं होऊन बसलं असतं!"

विश्व वाचलं. बाईंनी सरांशी दिवाळीपर्यंत अबोला धरला.

पण दोघांतलं बल हा सरांच्या दृष्टीने पोरखेळ होता. त्यांचा खरा जीव तिसऱ्यात. दोघादोघांच्या जोड्यांचे हिशेब मांडून अणू बांधला तर तो सैल निघतो, खरा अणू त्याहून घट्ट असतो. मग तो वरचा घट्टपणा आला कुठून? सर म्हणत, तिसरा आला की एक नवंच बल जन्माला येतं. ते कुठल्याही दोघांत नसतंच, तिघं एकत्र असतील तेव्हाच असतं. या तिघांच्या बलाचं सरांनी स्वतःचं असं एक सूत्र मांडलं होतं आणि हलक्याफुलक्या अणूंवर ते सुरेख चालत होतं. म्हणून "तीन तिगाडा, काम बिगाडा" ही म्हण कुणी उच्चारली की सर आंबट खाल्ल्यासारखं तोंड करत. "साफ खोटी म्हण! तीन तिगाडा, काम जुळे!"

आणि हे त्यांनी स्वतःच्या मुलीवर वापरलं. मुलीला बघायला पुण्याची मंडळी आली होती. पोहे झाले, हवापाणी झालं, आणि कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकलं, "मुलामुलीला जरा गच्चीवर बोलू द्या."

"दोघांनाच?" सर म्हणाले. "मग काय कळणार?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं माहीत असावं.

सर मुलाच्या आईकडे वळले. "ताई, उद्या घरात तिघं असणार. हा, ही आणि तुम्ही. दोघांच्या गप्पांवरून तिघांचं घर कळत नाही. तुम्हीही गच्चीवर जा."

त्या माउली इतक्या गोंधळल्या की खरंच गेल्या. बराच वेळ कुणी खाली येईना. शेवटी जिन्यावर हसण्याचा आवाज आला. पुढे मुलगी आणि मुलाची आई, एकमेकींच्या हातावर टाळ्या देत, आणि मागे मुलगा, दोघींच्या चपला हातात घेऊन. कुणी काही बोलायच्या आत सर खुर्चीवरून उठले, "जमणार!" काकूंनी त्यांना असा चिमटा काढला की मंडळींनाही तो लागला असेल. पण जमलं. आता सर आणि काकू पुण्यात त्याच मुलीकडे राहतात, आणि जावई अधूनमधून मला फोन करून सांगतो, "काका, सासू-सुनेचं एवढं जमलंय की तिसरा मीच निघालो."

असा सगळा आनंदीआनंद चालू होता. सर रिटायर झाले होते, पण अजून नाशकातच होते, फळा चालू होता, आणि तेव्हाच ती गोष्ट घडली.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती. देवळ्याची. इथून शिकून ती दक्षिणेत एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती आणि तिच्याकडे सरांकडे कधीच नव्हतं ते होतं, भलंमोठं संगणकयंत्र. सरांचं सूत्र तिने त्या यंत्रावर चढवलं. आजवर सर फक्त हलके अणू बांधू शकत होते, आता चांगले जडही बांधता येऊ लागले. आणि दोघांच्या समोर एक अणू आला. ऑक्सिजनचाच एक भाऊबंद, पण पोटात न्यूट्रॉनांची नुसती खोगीरभरती. प्रश्न एवढाच होता, की इतके न्यूट्रॉन घेऊन तो जमून राहतो, की बनता बनताच सुटून जातो? कुणालाच माहीत नव्हतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तो बनवून बघायची तयारी चालली होती.

विद्यार्थिनीने हिशेब केला. सरांनी फळ्यावर तपासला. मग कठड्यावरून खाली वाकले.

"मावशी! टिकणार!"

"काय टिकनार?"

"ऑक्सिजनचा एक जाडा अणू. लोक म्हणतात सांगता येत नाही. मी सांगतो, टिकणार!"

"टिकू द्या बिचारा," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी सर्वांना सांगून झालं. सलून, दूधवाला, कपाटवाले, सगळ्यांना. सर एवढे खूश का होते, हे मला काकूंनी सांगितलं. इतकी वर्षं काम करून सरांचं बल जगात कुणीही वापरलं नव्हतं. मुंबई सुटली, मोठी नावं सुटली, आणि नाशकातल्या एका बाल्कनीतलं सूत्र कोण हातात घेणार? पण हा अणू खरंच टिकला, आणि आधी टिकणार म्हणून फक्त यांनीच सांगितलेलं असलं, तर सगळ्यांना वळून बघावंच लागणार होतं. नाही टिकला, तर ते सूत्र फळ्यावर जन्मलं आणि फळ्यावरच पुसलं गेलं. "हे बोलत नाहीत," काकू म्हणाल्या, "पण आताशा फळा पुसताना हात रेंगाळतो."

पेपर जवळजवळ लिहून झाला होता. पाठवायचा बाकी होता. एका दुपारी मी सरांकडे बाल्कनीत ताक पीत बसलो होतो आणि विद्यार्थिनीचा फोन आला. सरांच्या हाताला खडू, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला.

"सर, मी परिषदेला आले आहे. इथे त्या प्रयोगशाळेतला एक जण भेटला. चहाच्या रांगेत. सर, नाही टिकला. सुटतो तो. लगेच. जाहीर व्हायला अजून वेळ आहे, पण त्यांचं पक्कं झालंय."

मी ताकाचा पेला आवाज न करता खाली ठेवला.

"सर, रागवू नका, पण एक सांगते. तिघंही न्यूट्रॉनच असतील, तेव्हाचं एक पद आपण सूत्रात शून्य धरलं आहे. ते शून्य धरायला तसं काही कारण नाहीये, सर. सोय म्हणून धरलं. ते थोडंसं वाढवलं की तिसरा ओढायच्या ऐवजी ढकलतो. हा अणू सुटतो, आणि आपले हलक्या अणूंचे आकडे जागच्या जागी राहतात. मी करून बघितलं."

"केव्हा करून बघितलंस?"

"काल."

"आणि चहाच्या रांगेतला केव्हा भेटला?"

"परवा," ती हळूच म्हणाली.

सरांनी विचारलं, "किती वाढवावं लागतं?" तिने सांगितलं. सरांनी ते पद फळ्यावर लिहिलं. मागे सरकून बघत उभे राहिले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सरांचा चेहरा कळत होता. मुलगी बघायला आलेल्यांना मुलगी पसंत पडते तेव्हा होतो तसा झाला होता.

"सुंदर दिसतंय गं," ते म्हणाले.

"मग सर, पेपर अजून गेलेला नाही. 'सुटणार' म्हणून पाठवू या. निकाल जाहीर होईल तेव्हा जगात आधी सांगितलेलं आणि बरोबर आलेलं फक्त आपलंच असेल. मला याची गरज नाहीये, माझं बरं चाललंय. मी तुमच्यासाठी म्हणतेय. सगळे तुमचं बल वापरतील, सर."

"आणि टिकणार म्हणून सांगून बसलोय, त्याचं?"

"कुणाला सांगितलंय?"

सरांनी कठड्यावरून खाली बघितलं. "इस्त्रीवाल्या मावशींना."

"सर!" फोनमधून जवळजवळ किंकाळीच आली. "इस्त्रीवाल्या मावशींना सांगितलेलं जर्नलला कुठे माहीत?"

"मावशींना माहीत आहे ना."

मला राहवेना. मी म्हणालो, "सर, चूक सापडली तर दुरुस्त करण्यात काय गैर आहे?"

"काहीच नाही! दुरुस्त करणारच. पण दुरुस्ती म्हणून करीन, अंदाज म्हणून नाही. हिशेबनीस, मार्च उलटल्यावर केलेल्या व्यवहाराला मार्चच्या आतली तारीख घातली तर तुमच्यात काय म्हणतात?"

"पकडला जाईपर्यंत हुशारी म्हणतात," मी खरं ते सांगितलं.

सर हसले, पण अर्धवटच. फोनकडे वळून म्हणाले, "आहे तोच पेपर पाठव. टिकणार असंच लिही." ती म्हणाली, "सर, मग हे बल संपलं." सर म्हणाले, "माहीत आहे." आणि पायात एक स्वतःची, एक काकूंची अशी चप्पल घालून तडक खाली गेले. मी मागोमाग.

"मावशी, मी टिकणार म्हणालो होतो ना? नाही टिकणार. तुम्ही गल्लीबाहेर बोलू नका, अजून जाहीर व्हायचंय. पण माझं चुकलं."

मावशींनी वर बघितलं. "आरं देवा. मंग धावत कशाला आले? चुकल्यावर मानूस घरात बसतं."

निकाल जाहीर झाल्यावर बाकीची फेरी झाली. जिथे जिथे सांगितलं होतं तिथे तिथे जाऊन चुकलं म्हणून सांगायचं. ही फेरी मी आयुष्यात विसरणार नाही, कारण सरांना सांत्वन सहन होत नव्हतं. सलूनवाला म्हणाला, "मोजणाऱ्यांचंच चुकलं असंल, सर, फॉरेनचे लोक लय घाई करतात." दूधवाल्याने "पुढच्या वेळी होईल" म्हणून धीर दिला. आणि तिसरा ढकलतो म्हणून अणू सुटला, एवढं कळल्याबरोबर कपाटवाले टेबलावर थाप मारून ओरडले, "मी सांगत नव्हतो? तीन तिगाडा!" तेव्हा मात्र सर पेटले. स्वतःच्या पराभवावर जो माणूस इतका वेळ हसत होता, तो लायब्ररीत कडाडला, "नाही! तसंही नाही! हलक्या अणूंत तिसरा जोडतोच! इथे न्यूट्रॉनांच्या गर्दीत ढकलतो! कुठे जोडतो आणि कुठे ढकलतो, हेच तर शोधायचंय! म्हणी कसल्या सांगता!" शांतता राखा अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

पेपर मोठ्या जर्नलने परत पाठवला. चुकलेला अंदाज छापून काय करायचं, असा त्यांचा सूर. एका लहानशा जर्नलने घेतला. वर्ष उलटायच्या आत परदेशातल्या दुसऱ्या कुठल्याशा मंडळींनी तेच पद घालून सूत्र मांडलं, अगदी सरळ मार्गाने, निकालानंतर, तसं स्पष्ट सांगून. आता सगळे ते वापरतात. सरांनी तो पेपर बाल्कनीत उभ्याने वाचला, म्हणाले, "छान केलंय. माझ्यापेक्षा नीटस." त्या संध्याकाळी ते फिरायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर खडूचा आवाज आला तेव्हा समोरच्या घरात मी दाढी करता करता थांबलो आणि मला उगीचच फार बरं वाटलं.

दिवाळीला विद्यार्थिनी देवळ्याला आली होती, तिथून फराळाचा डबा घेऊन सरांकडे. मी होतोच, कारण डबा येणार हे मला माहीत होतं. पाया पडली, काकूंच्या गळ्यात पडली, सरांशी मात्र जरा गप्प गप्प. अजून रुसवा होता. सरांनी एक करंजी संपवली आणि म्हणाले, "चल खाली. पेपरवर दोन नावं आहेत. मावशींना एकट्या मीच सांगितलंय."

"सर, खरंच?"

"खरंच."

खाली मावशींच्या गाडीवर दिवाळीचे कपडे डोंगरासारखे साठले होते. त्यांनी इस्त्री उभी केली आणि पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही ती व्हय? मोठ्या मशीनवाली? ये बाई. तुमच्या दोघांचं चुकलं म्हन."

"हो मावशी. चुकलं."

"येवढी मोठी मशीन असून?"

"मशीन असूनसुद्धा."

"कवा कळलं तुला?"

ती 'निकालानंतर' असं म्हणू शकली असती. मी तरी तसंच म्हणालो असतो. सर पाठ फिरवून भिंतीवरचा कुठला तरी पोपडा निरखत होते.

"निकाल लागायच्या आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पेपर गेला नव्हता. बदलून पाठवता आला असता. मग बरोबर ठरलो असतो, सरांचं नाव झालं असतं."

"मंग बदललं का नाय?"

"सरांनी तुम्हाला सांगितलेलं होतं ना, मावशी."

मावशींनी फडकं उचललं, परत ठेवलं. "मला?" त्या म्हणाल्या. "मला त्यातलं कायबी कळत नाय, पोरी."

"हो," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळाने सरांकडे बघून हसली. "तरीपण."

मग मावशी एकदम सरांवर उसळल्या. "आन काय वं सर! तुमचं चांगलं व्हनार व्हतं तर मला येऊन इचारायचं व्हतं! मी म्हनले असते, जा, बदला खुशाल, मी काय कुनाला सांगत नाय!"

"म्हणूनच नाही विचारलं," सर म्हणाले.